छळ सोसून आलेल्या रुग्णांची शुश्रूषा

संपादक महोदय,

२६ जून हा छळपीडितांच्या पाठिंब्याचा आंतरराष्ट्रीय दिवस जवळ आला, की कायद्याची चर्चा होते. ती व्हायलाच हवी, कारण संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुमोदन दिलेले नाही. या चर्चेत परिचारिकेचा उल्लेख मात्र क्वचितच येतो, आणि वॉर्डात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला ही उणीव फार जाणवते.

डॉक्टर राउंड घेऊन जातात. रुग्णाजवळ पूर्ण पाळीभर सिस्टर असते. विजेचे झटके सोसलेला माणूस ईसीजीच्या तारा पाहून का थरथरतो, ज्याला पाण्यात बुडवून गुदमरवले त्याला ऑक्सिजनचा मास्क का सोसवत नाही, दिवे मालवल्यावर कोण दचकून उठून बसतो, हे आधी तिलाच दिसते. तळपायांवर मार बसला असेल तर वरचे वळ काही दिवसांत जातात, पण चालतानाची वेदना वर्षानुवर्षे राहू शकते; म्हणून अंग पुसताना तिने पाहिलेली आणि तारीख-वेळेसह नोंदवलेली खूण पुढे मोलाची ठरते. हात लावण्याआधी काय करणार ते सांगणे, परवानगी विचारणे, पडदा ओढणे या गोष्टी साध्या वाटतात. पण स्वतःच्या शरीरावरचा हक्कच ज्याच्याकडून हिरावून घेतला गेला, त्याचा उपचार इथूनच सुरू होतो.

अटक झालेल्या व्यक्तीच्या तपासणीत जखमा व मारहाणीच्या खुणा अंदाजे वेळेसह नोंदवाव्यात आणि अहवालाची प्रत तिलाही द्यावी, असे कायदाच सांगतो. परंतु बंदोबस्ताचा शिपाई खाटेला खेटून उभा असेल, तर रुग्ण ‘पडलो’ एवढेच सांगणार. त्या शिपायाला बोलणे ऐकू येणार नाही इतके दूर उभे राहायला सांगण्यासाठी सिस्टरच्या पाठीशी रुग्णालयाचा लेखी नियम हवा. तिच्या एकटीच्या धैर्यावर हे सोडणे अन्यायाचे आहे.

आपल्या इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात माळवा-निमाडातून रुग्ण येतात आणि शहरात नर्सिंगची महाविद्यालयेही आहेत. छळाचा तपास व नोंदी कशा कराव्यात हे सांगणाऱ्या ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’च्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भूमिकेवर स्वतंत्र प्रकरण आहे. ते येथील विद्यार्थिनींना शिकवले जावे, आणि असे अनुभव ऐकून घरी जाणाऱ्या सिस्टरांनाही मन मोकळे करण्याची सोय रुग्णालयातच मिळावी, यासाठी आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

एक निवृत्त परिचारिका,
रामबाग, इंदूर