बेरजेचा रकाना कापणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

शालोम.

आपल्या ज्यू नीतिसाधनेच्या वर्गात आभार मानायला गेलो असतो, तर तुम्ही हात झटकून पुढचं पान उघडायला लावलं असतंत. म्हणून हे उघड पत्र. नाव लिहीत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही.

नम्रतेचा टेंभा मिरवणारे शिक्षक आधी बरेच येऊन गेले. मान खाली घाला, स्वतःला धूळ समजा, एवढं सांगितलं की त्यांचं काम संपलं. एका गृहस्थांनी तर नम्रतेवर बोलायला घेतलेला माइक शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. पण रोज करायचं काय आणि चुकलं हे कळायचं कसं, याचं उत्तर कुणापाशीच नव्हतं.

तुम्ही रोजच्या चुका टिपायचा तक्ता दिलात. पूर्व युरोपातले ज्यू लेखक मेनाखेम मेंडेल लेफिन यांच्या १८०८ साली छापलेल्या 'खेशबोन हानेफेश' (आत्म्याचा हिशेब) या पुस्तकातली ही रीत: गुण १३, आठवड्याला एक, १३ आठवड्यांनी एक फेरी, वर्षात ४ फेऱ्या. मुळात ही युक्ती बेंजामिन फ्रँकलिनची, हेही तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलंत. पुढे रब्बी इस्रायल सालांतर यांनी विल्नात हे पुस्तक पुन्हा छापून घेतलं आणि लिथुआनियातल्या मुसार, म्हणजे स्वभाव घडवण्याच्या ज्यू चळवळीच्या हाती ते पडलं. यादीत नम्रता सहावी, म्हणजे वर्षाच्या ६, १९, ३२ आणि ४५व्या आठवड्यात तिची पाळी.

ठिपका चुकीला द्यायचा, यशाला नाही. रात्री निजण्याआधी दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही, कारण जास्त वेळ बसलं की माणूस स्वतःची वकिली सुरू करतो. दुसऱ्याचं वाक्य तोडलं, एक ठिपका. माहीत नसताना माहीत असल्याचा आव आणला, एक ठिपका. आणि बोलायला हवं होतं तिथे गप्प बसलो, त्यालाही ठिपका. हा तिसरा आधीच्या कुणीच सांगितला नव्हता. तुम्ही तलमुद या ज्यू धर्मग्रंथातल्या रब्बी जखर्या बेन अवकोलासचा दाखला दिलात. रोमी बादशहाने पाठवलेल्या बलीच्या जनावरात कुणीतरी मुद्दाम खोट काढून ठेवलेली. तो चढवावा तर लोक चुकीचा पायंडा पाडतील, ते कारस्थान करणाऱ्याला मारावं तर तेही चुकीचं समजलं जाईल, अशा दोन्ही बाजूंच्या शंका काढून त्याने निर्णय होऊच दिला नाही. बली चढला नाही आणि रोमशी वैर पेटलं. त्याच्या नम्रतेने जेरुसलेममधलं आपलं मंदिर जाळलं, असं तिथे रब्बी योहानान म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. छापील तक्त्याच्या उजव्या कडेला आठवड्याच्या बेरजेचा रकाना होता. नम्रतेचा आठवडा सुरू होण्याआधी तुम्ही कात्री घेतलीत आणि प्रत्येकाच्या कागदाची तेवढी पट्टी कापून टाकलीत. भाषण नाही, सूचना नाही. कागद परत हातात, आणि पुढचा धडा.

बेरीज इतर गुणांत कामाची असते. नीटनेटकेपणाचे ठिपके पाचावरून दोनावर आले तर सुधारणा झाली, यात वाद नाही. नम्रतेत मात्र ठिपके कमी दिसले की छाती फुगते, किंवा डोळा हळूहळू चुका पाहणंच सोडून देतो. रब्बी मोशे खाईम लुझ्झातो यांनी 'मेसिलात येशारीम' (सरळांची वाट) या पुस्तकात (अ‍ॅमस्टरडॅम, १७४०) गर्विष्ठांचे प्रकार सांगितलेत. त्यांतला एक मानापासून दूर पळतो, पण पळण्याबद्दल मान मिळावा म्हणून. त्या माणसाचं सगळं दुकान तुम्ही कापलेल्या त्या पट्टीवर चालतं.

रांबाम (मध्ययुगातले ज्यू विचारवंत मायमोनिडीज) बहुतेक गुणांत मधली वाट सांगतात, पण गर्वाच्या बाबतीत थेट दुसऱ्या टोकाला जायला लावतात. तेही तुम्ही सांगितलंत, आणि ते टोक म्हणजे स्वतःचा तमाशा करणं नव्हे, हेही. मुसार चळवळीच्या नोवारदोक शाखेचे विद्यार्थी औषधाच्या दुकानात जाऊन खिळे मागत, लोक हसले तरी मन ढळू नये म्हणून. ती तालीम आम्हाला दिली नाहीत, बरं केलंत. पोलंडच्या रब्बी सिम्खा बुनिम यांच्या दोन खिशांतल्या चिठ्ठ्या सगळ्यांना पाठ आहेत: 'माझ्यासाठी जग निर्माण झालं' आणि 'मी धूळ आणि राख'. आधीच्यांनी आमच्या अंगरख्याला एकच खिसा शिवला होता.

प्रार्थनेसाठी ज्याची जागा ठरलेली असते, त्याच्या मृत्यूनंतर लोक 'किती नम्र होता' म्हणतात, असं तलमुदात आहे. आपली जागा आपण भरायची, दुसऱ्याची अडवायची नाही. वर्गात कुणी अगदी प्राथमिक प्रश्न विचारला तरी 'हे तर सोपं आहे' असं तुमच्या तोंडून निघत नाही. उत्तर येत नसलं तर वहीत टिपता आणि पुढच्या आठवड्यात घेऊन येता. अशी सरळ माणसं प्रत्येक मंडळात एक-दोन असतात. खुर्च्या लावतात, दिवे बंद करतात, आणि आभाराच्या यादीत नेमकी तीच राहून जातात. तुमच्यासोबत त्यांनाही हे पत्र पोचो.

पुढच्या फेरीचे तक्ते आम्ही छापून घेतो. शाई फिकी ठेवू, म्हणजे पेन्सिलीचा ठिपका नीट दिसेल.

तुमच्या वर्गातला,
मागच्या बाकावरचा एक