मेऐवजी ऑक्टोबर: तीर्थनच्या ट्राउटसाठी लेकीला पत्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुम्हा चौघांचा बेत कळला. वर्षातून दोनदा हिमाचलातल्या कुलू जिल्ह्यात, तीर्थन नदीवर, फ्लायने (पिसं-लोकर बांधून किड्यासारखा केलेला गळ) ट्राउट मासा पकडायला जायचं ठरवलंत ते छान, फक्त मे महिन्याची खेप रद्द करा. सुट्ट्या सगळ्यांना तेव्हाच जुळतात हे मान्य, पण माशाला त्याचं काय? एक खेप मार्चअखेर आणि दुसरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा.

कुलूतला ब्राउन ट्राउट मूळचा तिथला नाही. इंग्रजांच्या काळात, 1909 च्या सुमारास, काश्मीरहून अंडी आणून तो वाढवला. पंचांग मात्र त्याचं युरोपातलंच राहिलं. नोव्हेंबर-डिसेंबरात मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. म्हणून हिमाचलात ट्राउटचं पाणी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असतं. 5 अंशांच्या पाण्यात अंडी फुटायला तीनेक महिने लागतात आणि पिल्लं त्यानंतरही काही आठवडे खडीच्या फटींतच असतात. मोसम मार्चमध्ये उघडला तरी तिथलं बाळंतपण आटोपलेलं नसतं. उथळ पाण्यात आजूबाजूपेक्षा उजळ, घासून धुतल्यासारखा खडीचा पट्टा दिसला की ती अंड्यांची जागा समजा, त्यावर पाय ठेवायचा नाही.

मार्चचं पाणी कमी, नितळ आणि गार. मासा सुस्त असतो, डोहात तळाला बसून राहतो आणि नाकासमोर आलेलंच खातो. तेव्हा निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी फ्लाय, लावायची: टंगस्टन मण्याची फेझंट टेल, काटा 14 नंबर, किंवा हेअर्स इअर 12. इंडिकेटर, म्हणजे तरंगणारी खूण, निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर बांधा, कारण तंगूस सरळ खाली लटकत नाही, तिरका वाहतो. चार-पाच वेळा सोडूनही तळाला एकदाही टेकली नाही तर निम्फ वरूनच जाते आहे. दर वेळी अडकली तर इंडिकेटर वीतभर खाली, निम्फच्या जवळ, घ्या. पहाटे उठायची हौस मार्चमध्ये नको. अकरा ते तीन हीच वेळ.

मेमध्ये बर्फ वितळतं. सकाळी पाणी बरं असतं, पण दिवसभराचं वितळलेलं दुपारनंतर खाली उतरतं, पातळी चढते आणि रंग राखाडी होतो. कुणाला मे टळतच नसेल तर उजाडल्यापासून दहापर्यंत काठालगत वूली बगर नावाची मोठी फ्लाय, 8 नंबर, पाण्यातून ओढावी आणि मग जेवायला जावं. जुलै-ऑगस्टचं तर नावच काढू नका. त्या दिवसांत पुण्यात गवतावर सराव करा, टोकाला फ्लायऐवजी लोकरीचा गोंडा बांधून.

सरावात दोन गोष्टी बघा. मागे नेलेली लाइन (फ्लायला वाहून नेणारी जाड दोरी) पूर्ण उलगडायच्या आत हात पुढे आला तर चाबकासारखा आवाज येतो आणि खऱ्या फ्लायचा तुकडा पडतो. आणि पुढे आणताना एकदम हिसका दिला की दांडीचं टोक वाकून खाली येतं, लाइन स्वतःवरच पडते आणि लीडरला, म्हणजे लाइनच्या टोकाच्या निमुळत्या तंगुसाला, नकळत गाठ बसते. या गाठीने तंगुसाची ताकद निम्म्यावर येऊ शकते. ती सोडवत बसू नका. कापा आणि नवा तुकडा जोडा. कुठलीही गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करायची, कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन जळतं. मासा तोडून गेला आणि तंगुसाचं टोक पिळलेल्या शेपटासारखं दिसलं, तर गाठच सुटली होती. दोष माशाच्या ताकदीला देऊ नका.

खरी मजा ऑक्टोबरची. पावसाचा गढूळपणा बसलेला, पाणी 10 ते 14 अंश, मासा थंडीआधी खाऊन घेणारा. ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, तेव्हाच: अ‍ॅडम्स 16, एल्क हेअर कॅडिस 14. दांडी 9 फुटी, 5 वेट (लाइनच्या वजनाचा आकडा), तरंगणारी लाइन, 9 फुटी लीडर आणि टोकाला 5एक्सचा, म्हणजे 0.15 मिमीचा, दोन फूट टिपेट (फ्लाय बांधायचा बारीक तंगूस). यापेक्षा महागाचं काही दुकानदार गळ्यात मारत असेल तर हसून बाहेर या.

मोठ्या दगडामागे पाणी संथ असतं आणि बाजूने धार पळते. मासा संथ पाण्यात, तोंड धारेकडे. तू फ्लाय अगदी बरोबर दगडाच्या कडेला टाकतेस, पण तुझ्या आणि फ्लायच्या मधल्या धारेने लाइनला पोट येतं आणि फ्लाय पाण्यावर रेघ ओढत पळते. खरा किडा असा पळत नाही; मासा वर येतो, बघतो आणि परततो. म्हणून फ्लाय टेकताक्षणी मनगटाने लाइनचं पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवायचं. दोन सेकंद जरी फ्लाय मोकळी वाहिली तरी पुरे. लांब फेकण्यापेक्षा वाकून जवळ जा. तीस फुटांपलीकडे तुमच्यापैकी कुणालाच हे जमणार नाही आणि जमायची गरजही नाही.

चौघांनी एका डोहावर उभं राहायचं नाही. दोघादोघांची जोडी, जोडीला एकच दांडी. एकाने टाकायचं, दुसऱ्याने मागे राहून मासा हेरायचा. मासा लागला किंवा चुकला की दांडी दुसऱ्याच्या हातात द्यायची. दुसऱ्या जोडीने काठावरून, पाण्यापासून लांब, वळसा घेऊन दोन डोह पुढे जायचं. दांडीच्या हाताच्या बाजूला कुणी उभं राहू नये. चष्मा सगळ्यांनी घालायचा, हेरणाऱ्यानेसुद्धा. गळाच्या काट्याचा उलटा दात आधीच चिमट्याने चेपून टाका. मासा सोडताना जखम होत नाही आणि कुणाच्या बोटात घुसलाच तर सरळ निघतो. डोळ्याजवळ घुसला तर हात न लावता थेट डॉक्टर.

पाण्यात मांडीच्या वर जायचं नाही. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय उचलायचा. वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घातलात तर कमरेचा पट्टा आवळलेला हवा, नाहीतर पडल्यावर आत पाणी भरतं. मासा ओल्या हाताने धरा आणि फोटोसाठी दहा सेकंदांहून जास्त पाण्याबाहेर ठेवू नका. चौघांनी चार फोनवर काढायचे असतील तर त्याला पाण्यात राहू द्या आणि तुम्ही खाली वाका.

परवाना मत्स्यविभागाचा, माणशी वेगळा. दांडी एक असली तरी ती हातात घेणाऱ्या प्रत्येकाकडे हवा. कुठली हद्द खुली, कुठली बंद आणि किती मासे ठेवता येतात ते परवाना घेतानाच विचारा.

तू रीळ डाव्या हाताने फिरवणार की उजव्या, ते रविवारपर्यंत कळव. त्याप्रमाणे बॅकिंग (लाइनच्या आत गुंडाळायची राखीव दोरी) आणि लाइन भरून कुरियर करतो.

तुझा,
बाबा