काळ्या माशीच्या गावाहून

तामाले, घाना
१२ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगावर (रिव्हर ब्लाइंडनेस) औषध असूनही ते वर्षानुवर्षे का द्यावे लागते, असे तुम्ही विचारले आहे. हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर वाटताना चंद्रपूरकडची माणसे तुम्हालाही हेच विचारीत, म्हणून सविस्तर लिहिते.

खळाळत्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माशीच्या चाव्यातून या रोगाचे कृमी अंगात शिरतात. मोठे कृमी कातडीखाली गाठी करून दहा ते पंधरा वर्षे जगतात आणि मादी अगणित सूक्ष्म पिल्ले सोडत राहते. ही पिल्ले कातडीत मरू लागली की जिवाला नकोशी खाज सुटते, डोळ्यात मरू लागली की बुबुळावरचा पारदर्शक पडदा हळूहळू पांढरा होतो. आयव्हरमेक्टिनची गोळी पिल्लांना मारते, मादीला काही महिने वांझ ठेवते, पण मोठा कृमी गोळीला पुरून उरतो. तो म्हातारा होऊन मरेपर्यंत वर्षातून एकदा, काही भागांत दोनदा, गोळी घ्यावीच लागते. गेलेली दृष्टी मात्र तिने परत येत नाही.

इथल्या सुपीक नदीखोऱ्यांतली गावे माशीच्या भीतीने ओस पडली होती. १९७४ पासून पश्चिम आफ्रिकेत हेलिकॉप्टरमधून नद्यांवर अळीनाशक फवारले गेले. १९८७ पासून मर्क कंपनी आयव्हरमेक्टिन फुकट देते. पश्चिम आफ्रिकेतलाच नायजर देश यंदा जानेवारीत या रोगातून मुक्त ठरला, आफ्रिकेतला पहिलाच.

वाटप गावानेच निवडलेले स्वयंसेवक करतात. वजनकाटा नसतो, खुणांची काठी शेजारी उभी करून उंचीवरून गोळ्या ठरतात. नव्वद सेंटिमीटरांहून लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देत नाहीत.

काल नातवाच्या खांद्यावर हात ठेवून एक आंधळे आजोबा आले. मला आता कशाला गोळी, असे ते म्हणाले. त्यांना चावून पिल्ले घेतलेली माशी पुढे नातवालाही चावू शकते, एवढे सांगितल्यावर त्यांनी निमूट पाण्याचा पेला मागितला.

पण धडधाकट तरुण गोळी हातात घेऊन घरी निघून जातात. समोर गिळायला तुम्ही त्यांना कसे राजी करीत होता, ते पुढच्या पत्रात जरूर लिहा. आईला नमस्कार.

तुमची,
मनीषा