फ्लोरिडातील टाइमशेअर विकताना: नोटरी आणि साक्षीदार

सर्व सभासदांस कळविण्यात येते की,

ऑर्लँडोचा टाइमशेअर (सुट्टीच्या घरात दरवर्षी ठरावीक काळ राहण्याचा मालकी हिस्सा) ज्यांनी विकायला काढला आहे त्यांनी हे नीट वाचावे. फ्लोरिडात विकणाऱ्याने डीडवर (मालकी हस्तांतराच्या दस्तावर) दोन साक्षीदारांसमोर सही करायची असते आणि त्या दोघांनीही त्यावर सह्या करायच्या. डीड नोंदवायला नोटरीचे प्रमाणपत्रही लागते. १ जानेवारी २०२४ पासून साक्षीदारांच्या नावाखाली त्यांचा टपालाचा पत्ता हवा. जुना नमुना भरला की नेमकी हीच ओळ राहून जाते! मालकी पती-पत्नी दोघांच्या नावे असेल तर दोघांच्याही सह्या लागतील. घेणाऱ्याची सही सहसा लागत नाही.

पुण्यातून सही करायची तर मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीची अपॉइंटमेंट घ्या. पासपोर्ट सोबत ठेवा, साक्षीदार आपले आपणच न्या आणि घरून सही करून मुळीच जाऊ नका. ती अधिकाऱ्यासमोरच करायची असते. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या नोटरीकडून करून घ्यायचे मनात असेल, तर ते चालेल का आणि अपोस्टिल (परदेशात कागद मान्य व्हावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) लागेल का, हे तिकडच्या टायटल कंपनीला (मालकी तपासून हस्तांतर करून देणाऱ्या कंपनीला) आधी ईमेलने विचारा.

आणि कळकळीची विनंती: गिऱ्हाईक तयार आहे म्हणून फोनवर आगाऊ फी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

– कार्यकारिणी