पगार हातात यायच्या आधीच कापा, आणि उरलेला खुशाल उडवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातलं पैशापाण्याचं पान मी न चुकता वाचते, आणि गंमत अशी की तिथे लिहिलेलं असतं बाहेरचा चहा बंद करा, हॉटेलिंग बंद करा, पंचेचाळिसाव्या वर्षी रिटायर व्हा, आणि पान उलटलं की टूरवाल्यांची अर्धं पान जाहिरात, आयुष्य एकदाच मिळतं, चला युरोपला. आता वाचणाऱ्याने नेमकं करायचं काय? मी अंधेरीच्या एका खासगी कंपनीत पगार विभागात आहे, पीएफचे फॉर्म, टॅक्सचे प्रूफ, रिटायरमेंटचे हिशोब सगळं माझ्याच टेबलावरून जातं, त्यामुळे लोक खरोखर काय करतात ते मला दिसतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त आकडे कापू नका प्लीज.

पहिली गोष्ट म्हणजे चहा पिऊन कोणी कंगाल होत नाही हो. मुंबईत पैसा जातो घरभाड्यात नाहीतर घराच्या हप्त्यात, मुलांच्या फीमध्ये, आणि लग्नात. वर्षभर स्टेशनबाहेरचा वडापाव सोडून जेवढे वाचतील तेवढे एका हळदीच्या कार्यक्रमाच्या डीजेला जातात. हे कोणी लिहीत नाही कारण लग्नाबद्दल लिहिलं की लोकांना राग येतो. आणि जो माणूस सकाळी ७:४२ च्या लोकलला लोंबकळून येतो त्याला दिवसातला एक कटिंग पण हिशोबात धरून प्यायला सांगणं म्हणजे कमाल आहे.

आता माझ्या टेबलावरचं सांगते. नोकरी सोडून जाणारी पोरं पहिला प्रश्न काय विचारतात माहितीये? मॅडम, पीएफ कधी निघेल. ट्रान्सफर कर, नवीन कंपनीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, चालतो, आता सगळं ऑनलाइन आहे असं सांगितलं की चेहरा पडतो. मधे एकाने नोकरीत असतानाच ॲडव्हान्स काढला, फॉर्मवर कारण आजारपण आणि पंधरा दिवसांनी स्टेटसला पँगाँग लेक, बुलेटसकट! मी काही बोलले नाही. लडाखला माझा विरोध अजिबात नाही, उलट लडाखला सत्ताविशीतच जावं, साठीत तिथे श्वासाचे वांधे होतात. पण त्यासाठी पीएफ कशाला? महिन्याला चार हजाराचं रिकरिंग लावलं तर वर्षात अठ्ठेचाळीस हजार होतात, मित्रांबरोबर बाइकवर जाऊन यायला पुरतात की. पीएफचे दोन लाख तसेच राहू दिले आणि व्याज आत्तासारखं ८.२५ टक्के राहिलं तर तीस वर्षांनी त्याचे साडेएकवीस लाख होतात. अर्थात तेव्हाचे साडेएकवीस म्हणजे काही आजचे साडेएकवीस नव्हेत, महागाई सहा टक्क्यांनी वाढली तर आजच्या हिशोबाने पावणेचार लाखाच्या आसपास, हे तुमच्या पानावरचे लोक सांगत नाहीत. पण तरी दोनाचे पावणेचार झाले ना, तेही महागाई वजा जाऊन आणि बोटसुद्धा न हलवता.

आणि पेन्शनचं तर कोणाला काहीच माहीत नसतं. लोकांना वाटतं पगारातून पीएफ कापला जातोय म्हणजे म्हातारपणी पेन्शन आहेच. आहे, पण किती? कंपनी आपल्यासाठी जे १२ टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण तेही १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे तुमचा बेसिक, मूळ पगार हो, साठ हजार असो की लाख, बहुतेकांचे महिन्याला १,२५० रुपयेच तिकडे जातात. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची, त्याआधी ती ६,५०० होती आणि त्या काळातली सर्व्हिस त्याच आकड्यावर मोजली जाते. त्यामुळे १९९५ ला योजना सुरू झाली तेव्हापासून सलग नोकरी करून जो माणूस २०२५ मध्ये अठ्ठावन्नाचा झाला, आणि ज्याने पूर्ण पगारावर जादा पेन्शनचा पर्याय घेतलेला नाही, त्याला महिन्याला चार-साडेचार हजार बसतात. तीस वर्षांच्या नोकरीचे! आणि त्यात महागाई भत्ता नाही, जो आकडा पहिल्या महिन्याला तोच वीस वर्षांनी. आमच्याकडचे एक सीनियर निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ घेऊन माझ्या टेबलाशी आले, कागद बघितला आणि म्हणाले, ताई हा आठवड्याचा आकडा आहे का. मला काय उत्तर द्यावं सुचेना.

त्यात जी मंडळी दर नोकरी बदलताना पीएफबरोबर १०-सी फॉर्म भरून पेन्शनचेही पैसे काढून घेतात त्यांची सर्व्हिस परत शून्यापासून मोजायला लागते, आणि पेन्शन मिळायला कमीत कमी दहा वर्षं लागतात. चार नोकऱ्या, चार वेळा विड्रॉवल, शेवटी हातात भोपळा.

अजून एक गोष्ट जी गेल्या दोनतीन वर्षांत बदलली. पूर्वी जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आमच्या डिपार्टमेंटला जत्रा असायची, एलआयसीच्या पावत्या, पीपीएफचं पासबुक, पोस्टाची सर्टिफिकिटं, शेवटच्या दिवशी धावत धावत येऊन लोक दीड लाख पूर्ण करायचे. टॅक्स वाचवायला करायचे, पण करायचे. आता नवीन टॅक्स पद्धत आली, त्यात ८०-सी ची, म्हणजे त्या दीड लाखाच्या बचतीवरची, वजावट नाही, आणि २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखापर्यंत टॅक्सच लागत नाही. चांगलंच आहे, हातात पैसे जास्त येतात. पण जी सक्तीची बचत होत होती ती पण गेली ना. आमच्याकडच्या नवीन पोरांपैकी कितीतरी जणांचं पीपीएफ खातंच नाही, कारण कोणी विचारतच नाही, टॅक्सवाला पण नाही. मार्चच्या भीतीने म्हणा, पण आपल्या आईवडिलांची पिढी दर वर्षी पंधरा-वीस हजार कुठेतरी टाकत होती.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, मी प्रत्येक नवीन माणसाला तेच सांगते. पगार खात्यात येण्याआधीच कापून घ्या. व्हीपीएफ म्हणून सोय आहे, एक अर्ज द्या, आम्ही बेसिकच्या पाच टक्के, दहा टक्के, सांगाल तेवढे जादा कापतो, व्याज पीएफचंच. वर्षाला तुमचा स्वतःचा भरणा अडीच लाखाच्या वर गेला तर वरच्या भरण्यावरच्या व्याजाला टॅक्स लागतो, पण तिथपर्यंत आपल्यापैकी किती जण पोचतात! इन्क्रिमेंट लागलं की त्यातलं अर्धं व्हीपीएफला किंवा म्युच्युअल फंडाच्या एसआयपीला लावा. जे हातात आलंच नाही ते आठवत नाही, हे मी इतक्या लोकांच्या बाबतीत बघितलंय की शपथेवर सांगेन. आणि मग जे खात्यात येतं त्याचा हिशोब कोणाला देऊ नका. शिवाजी मंदिरला नाटक बघा, सुरमई खा, गणपतीला गावी आठ दिवस जा, बायकोला किंवा नवऱ्याला घेऊन कुठे जायचं तिथे जा. फक्त क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर फिरायला जाऊ नका, येऊन वर्षभर फेडत बसायचं त्यात कसली आलीये मजा.

मेडिक्लेमचं पण याच ओघात सांगते. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. साठीला डायबेटीस-बीपी घेऊन नवीन पॉलिसी काढायला गेलं की हप्ता बघूनच बीपी वाढतं, वर आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. चाळिशीत स्वतःची छोटी का होईना एक पॉलिसी काढून ठेवा, आता सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. सत्तरीच्या पुढच्यांना सरकारच्या आयुष्मान योजनेत पाच लाखांचं कव्हर आहे, पण सत्तरीपर्यंतचं काय?

हे झालं उडवणाऱ्यांचं. आता दुसरी बाजू, आणि खरं सांगू का, मला जास्त जीवाला लागतं ते हे. मी मुलुंड पूर्वेला राहते, आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका-काकू आहेत, लिफ्ट नाही. काकांकडे एक जुनी डायरी आहे, रबर बँड लावलेली, त्यात सगळ्या ठेवींच्या तारखा, कुठली कधी मॅच्युअर होते, कुठली रिन्यू केली, बारीक अक्षरात. पोस्टात सीनियर सिटिझन बचत योजनेत तीस लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला साडेएकसष्ट हजार येतात, त्यातले जेमतेम अर्धे खर्च होतात आणि उरलेल्यांची परत ठेव. बेस्टचं तिकीट पाचाचं दहा झालं तेव्हापासून स्टेशनला चालत जातात. दुपारी हॉलमधला पंखा बंद, बेडरूममध्ये दोघांनी एकाच पंख्याखाली झोपायचं. काकूंना कन्याकुमारी बघायची होती. आधी मुलाचं शिक्षण झालं की, मग मुलाचं लग्न झालं की, मग रिटायर झालो की, आणि आता रिडेव्हलपमेंट झाली की! रिडेव्हलपमेंट हे तर मुंबईतल्या म्हाताऱ्यांचं मोठं कोडं आहे, घराला रंग नको, फ्रीज नको, सगळं टॉवर झाल्यावर. बिल्डर दोन बदलले, मीटिंगा चालूच आहेत. काकूंचे गुडघे गेले, त्या जिना उतरत नाहीत आता, भाजीसुद्धा पिशवी दोरीला बांधून वर घेतात.

काकांना कंजूष म्हणणं सोपं आहे पण ते मला पटत नाही. त्यांचे थोरले भाऊ गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मुंबईतल्या जवळपास अडीच लाख गिरणी कामगारांचा पगार थांबला, तो बऱ्याच जणांचा परत सुरूच झाला नाही. भावाच्या घरातली भांडी विकलेली ज्यांनी बघितली ते एफडी मोडा म्हटलं की कसे मोडतील? शिवाय २०१९ ला पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते, खातेदार बँकेबाहेर रडताना सगळ्यांनी टीव्हीवर बघितले. तेव्हा ठेवीवर विमा एक लाखाचा होता, २०२० पासून पाच लाखांचा झाला. काकांनी सगळ्या ठेवी पाच-पाच लाखाच्या आत वेगवेगळ्या बँकांत फिरवल्यात, ते शंभर टक्के बरोबर केलं. पण भीती ज्या कारणासाठी होती ते कारण आता मागे पडलंय, पैसा सुरक्षित आहे, मुलगा कमावता आहे, तर तिमाहीचं व्याज तरी खर्च करा ना. मुद्दलाला हात नको, मान्य. व्याजाची परत ठेव कोणासाठी?

मुलाला विचारलं तर तो म्हणतो मला नकोय, तुम्ही खर्च करा. काका म्हणतात तो असं म्हणतोच.

सरकारनेही यात थोडी मदत केली असती तर बरं झालं असतं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये बंद केली, कोविड गेला तरी ती काही परत आली नाही. एसटीचं मात्र कौतुक, ६५ पासून अर्धं तिकीट आणि ७५ नंतर फुकट, निदान पंढरपूर-गणपतीपुळे तरी होतं. माझ्या मते सवलतीत वाचणाऱ्या रकमेपेक्षा सवलत आहे या भावनेनेच आपली म्हातारी माणसं घराबाहेर पडतात, नाहीतर स्वतःसाठी पूर्ण तिकीट काढायला त्यांचा हात खिशात जात नाही.

तेव्हा संपादक महोदय, दोन विनंत्या. एक, पैशाच्या पानावर ते चहा सोडून कोट्यधीश व्हायचे लेख जरा कमी करा आणि ज्यांचं साठवून झालंय त्यांनी खर्च कसा करावा यावर कोणा जाणकाराकडून एखादं सदर लिहून घ्या, तिमाहीच्या व्याजातून किती बिनधास्त खर्चायचं, दवाखान्यासाठी किती बाजूला ठेवायचं, असं आकड्यांसकट. दुसरी, पेन्शनचं गणित एकदा मोठ्या टायपात छापा, पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर, जास्तीत जास्त पगार सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० आणि नंतरच्या वर्षांना १५,००० धरून. मी ते कात्रण आमच्या नोटीस बोर्डावर लावते, आमच्या एचआरला वर्षभर सांगतेय पण त्यांचं पोस्टर अजून डिझाइनला आहे.

आपली,
पगार विभागातली एक वाचक, मुलुंड (पूर्व)