एक मैदान, रविवारची सकाळ

महोदय,

मी आणि नववीतला माझा नातू बॅटरीवर चालणारी रेडिओ-नियंत्रित विमाने घरीच बांधून उडवतो. थर्माकोलच्या शीटमधून पंख कापायचे, सर्वो (पंख-शेपटीचे हलते भाग वळवणाऱ्या छोट्या मोटरी) बसवायचे आणि मग पंखांखाली दोन बोटे धरून तोल पाहायचा. विमान शेपटीकडे जड झाले की हवेत सावरत नाही, हे त्याला पुस्तकाआधी हातांनी कळले. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, हे तो आता मलाच बजावतो!

अडचण जागेची आहे. मागच्या महिन्यात आम्हाला ‘ड्रोन बंद करा’ म्हणून मैदानातून बाहेर काढले. विमानाचे वजन जेमतेम सातशे ग्रॅम, त्यावर कॅमेरा नाही. ‘ड्रोन नियम, २०२१’नुसार दोन किलोपर्यंतच्या अशा बिगर-व्यावसायिक उड्डाणाला पायलटचा परवाना लागत नाही. कुठे उडवता येते आणि कुठे नाही, हे हद्दीचे नियम मात्र पाळायलाच हवेत. विमानतळाजवळ किंवा लोकांच्या डोक्यावरून कोणी विमान उडवत असेल, तर त्याला जरूर रोखावे.

माझी विनंती एवढीच, की महापालिकेने वस्ती आणि विजेच्या तारांपासून दूर असलेले एक मैदान रविवारी सकाळी सहा ते नऊ या वेळेत या छंदासाठी राखून ठेवावे. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि मैदानात क्रिकेटही सुरू झालेले नसते. गवत कापायला आम्ही स्वतः येऊ.

– एक आजोबा, नाशिक