गंगावेशीत भेटलेल्या रिक्षावाल्या मामांना

मामा, नमस्कार.

मागच्या महिन्यात कंपवात झालेल्या वडिलांना घेऊन कोल्हापूरला आलेली मुलगी ती मी. आमच्या घरी अजून रोज तुमचा विषय निघतो.

आदल्या दिवशी आम्ही सहलीच्या बसने फिरलो होतो. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस. उतरा, फोटो काढा, चढा. बाबांना पायऱ्यांना वेळ लागतो म्हणून त्या बसवाल्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "आजोबांना गाडीतच बसू दे." पैसे मात्र पुरे घेतले. बाबांनी रंकाळा खिडकीतून पाहिला. ते मला अजून सलतं.

तुम्हाला मी नुसतं खासबागेत सोडा म्हटलं होतं. शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलेलं ते कुस्तीचं मैदान बाबांना एकदा बघायचं होतं. वाटेत बाबा पैलवान गणपतराव आंदळकरांच्या कुस्त्यांबद्दल बोलू लागले, तर तुम्ही रिक्षा थेट आंदळकरांच्या मोतीबाग तालमीकडे वळवलीत. मी दाराशीच थांबले. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या त्या मातीचा आंबूस वास बाहेरपर्यंत येत होता. तुम्ही बाबांना हाताला धरून कुस्तीच्या हौदापर्यंत नेलंत.

मग गंगावेशीत दूध कट्ट्यावर. समोर म्हैस पिळून, फेसासकट ग्लास हातात. बाबांचा हात थरथरायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण चारचौघांत सांडलं की ते पुढे काही घेतच नाहीत. मी पुढे होणार, तेवढ्यात तुम्ही गवळ्याला म्हणालात, "अर्धाच भर रे. अण्णा, फेस बसू दे, मग दुसरा घ्यावा. आम्ही असंच पितोय." आणि स्वतःसाठीही अर्धाच ग्लास मागितलात. बाबांनी तीन अर्धे ग्लास संपवले. एक थेंब सांडला नाही. तुम्ही त्यांच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाहीत.

रात्री खानावळीत पांढरा रस्सा ते वाटी तोंडाला लावून प्यायले. किती महिन्यांनी, मामा!

माणसाचा मान राखायला शिकवून येत नाही. तुमच्या घरच्यांनाही माझा नमस्कार सांगा.

घरी आल्यावर बाबांचा रुमाल धुवायला घेतला, तर त्यांनी तो हातातून काढून घेतला. गाठीत तालमीची चिमूटभर तांबडी माती होती.

तुमची,
अण्णांची मुलगी